शिवले कोणी, मिरवले कोणी?

फॅशन म्हटले की आपल्याकडे नाक मुरडले जाते. ते पोटभरल्यांचे चोचले, चळवळीच्या माणसाला त्याचे काय, असे म्हणून विषय बाजूला सारला जातो. आम्हाला हे मान्य नाही. कोणी काय नेसावे आणि काय अंगावर घालू नये हे ज्या देशात जातीने ठरवले, त्या देशात कपडा हा राजकारणाचाच विषय आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नीटनेटके नेसायला आणि जात सांगणारे दागिने टाकून द्यायला सांगितले, ते उगाच नव्हे.

फॅशनच्या जगात मोठ्या डिझायनरांची नावे आदराने घेतली जातात. कोको शनेल यांनी साध्या काळ्या झग्याला प्रतिष्ठा दिली. ख्रिस्तियाँ दिओर यांनी १९४७ मध्ये बारीक कंबर आणि घेरदार झग्याची लाट आणली. इव्ह सँ लोराँ यांनी बायकांना पुरुषी सूट चढवला. ही माणसे मोठी होती यात वाद नाही. प्रश्न वेगळाच आहे. ही यादी तयार कोण करते? आणि तिच्यात कोणाची नावे येत नाहीत?

अ‍ॅन लो हे असेच एक नाव. जन्म १८९८, अमेरिकेतील अलाबामा राज्यात. घराण्याची मुळे गुलामगिरीत. आजी आणि आई गोऱ्या श्रीमंत बायकांचे झगे शिवत. १९१४ मध्ये आई वारली तेव्हा हातातले काम अर्धे राहिले होते. सोळा वर्षांच्या अ‍ॅनने ते पुरे केले. बाबासाहेब १९१६ साली कोलंबिया विद्यापीठ सोडून लंडनला गेले. पुढच्याच वर्षी अ‍ॅन लो त्याच न्यूयॉर्क शहरात डिझाइन शिकायला आल्या. तिथे त्यांना गोऱ्या विद्यार्थिनींबरोबर बसू दिले नाही, वेगळ्या खोलीत बसवले. आमच्या वाचकाला इथे शाळेतले गोणपाट आठवल्याशिवाय राहणार नाही!

पुढे अमेरिकेतील बड्या घराण्यांच्या लेकीसुना त्यांचेच झगे घालू लागल्या. १२ सप्टेंबर १९५३ रोजी जॅकलीन आणि जॉन केनेडी यांचे लग्न झाले. वधूच्या झग्याला ५० वार रेशमी कापड लागले होते. लग्नाला दहा दिवस उरले असताना लो यांच्या कामाच्या जागी पाण्याचा नळ फुटला आणि वधूच्या झग्यासह दहा झगे खराब झाले. लो यांनी पदरचा पैसा घालून, रात्रंदिवस खपून ते पुन्हा शिवले. सातशे डॉलर नफा व्हायचा, तिथे २२०० डॉलर तोटा झाला. तक्रारीचा शब्दही काढला नाही.

त्या झग्याचे फोटो जगभर छापून आले. तो आजही नववधूच्या पोशाखाचा नमुना मानला जातो. त्या वेळी मात्र डिझायनरचे नाव जवळजवळ कोणीच छापले नाही. १९६१ मध्ये एका मासिकात उल्लेख आला तोही असा की, झगा कोणा नामांकित डिझायनरचा नव्हता, एका काळ्या शिवणकामवालीने शिवला होता. लो यांनी जॅकलीन केनेडी यांना पत्र लिहून निषेध नोंदवला. पण व्हायचे ते होऊन गेले होते. कर थकला, दुकान बंद पडले, काचबिंदूने एक डोळा गेला. १९८१ मध्ये त्या गेल्या. आज त्यांचे झगे वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. हा मान मिळाला तो मरणानंतर!

दुसरे उदाहरण हार्लेमचे. 'डॅपर डॅन' म्हणून ओळखले जाणारे डॅनियल डे यांनी १९८२ मध्ये तिथे दुकान काढले. बड्या कंपन्यांची बोधचिन्हे चामड्यावर छापून ते जॅकेटे शिवत. संगीतकार, मुष्टियोद्धे त्यांच्या दारी येत. कंपन्यांनी खटले भरले, छापे पडले आणि १९९२ मध्ये दुकान बंद झाले. काळ्या माणसाने नक्कल केली तर तो गुन्हा. मग २०१७ मध्ये गुची कंपनीने डॅन यांच्याच १९८९ च्या एका जॅकेटसारखे हुबेहूब जॅकेट आपल्या नावाने दाखवले, ते काय होते? म्हणे आदरांजली! लोक खवळले, तेव्हा कंपनीला डॅन यांच्याशी भागीदारी करावी लागली.

आता आपल्या दारात या. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा कंपनीच्या मॉडेलांच्या पायात कोल्हापुरी चप्पल होती. नाव मात्र कोल्हापूरचे नव्हते. या चपलेला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ओरड झाली, मग कंपनीने ऋण मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. २००० जोड बनवायचे, किंमत जोडामागे सुमारे ८०० युरो, म्हणजे ऐंशी हजार रुपयांहून जास्त. आपल्या बाजारात हाच जोड हजार-दोन हजारात मिळतो.

करार झाला हे चांगलेच झाले. पण आम्हाला त्याच्या मुळाशी जायचे आहे. चामडे कमावणारा ढोर समाज आणि चप्पल बांधणारा चर्मकार समाज यांना सगळे 'कारागीर' म्हणतात. मिलानमध्ये बसलेला तो 'डिझायनर'. अंगठ्याची पकड, आडवा पट्टा, चामड्याची वेणी हे कोणाच्या तरी डोक्यातूनच निघाले ना? कारागीर म्हटले की फक्त हात दिसतात, डिझायनर म्हटले की डोके दिसते. हाताला मजुरी मिळते, डोक्याला मालकी मिळते. अ‍ॅन लो यांना डिझायनर न म्हणता शिवणकामवाली म्हटले गेले, त्यामागचे कारण हेच. माणसांची ही विभागणी आम्हाला नव्याने समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून नुसत्या कौतुकावर समाधान मानू नये. जोडावर बनवणाऱ्याचे नाव-गाव हवे आणि नफ्यात वाटा हवा. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्या मुलामुलींनी डिझायनरच्या खुर्चीवर हक्क सांगितला पाहिजे. शिवणकाम करणाऱ्या आईचा मुलगा व्हर्जिल अ‍ॅब्लो २०१८ मध्ये लुई व्हिताँच्या पुरुष विभागाचा प्रमुख डिझायनर झाला. खारघरची निफ्ट आणि अहमदाबादची एनआयडी या सरकारी संस्था आहेत, तिथे राखीव जागा आहेत. डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर यांच्या पलीकडे आपल्या वस्तीतल्या किती घरांना हे ठाऊक आहे? कार्यकर्त्यांनी येत्या प्रवेशाच्या वेळी ही माहिती दारोदार पोहोचवावी. रापी आणि सुई पिढ्यान्‌पिढ्या आपल्या हातात होती. आता लेबलवर नावही आपले हवे.