जुना संगणक, नवं शिक्षण : विंडोज की लिनक्स?

२०२३ साली पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. पण बीसीए, इंजिनिअरिंग म्हटलं की आपली बरीच मुलं अजूनही नागपूरचीच वाट धरतात. ॲडमिशन झालं की घरात विषय निघतो लॅपटॉपचा. संत्र्याच्या बहारावर घरखर्च चालणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम लहान नसते. म्हणून दुकानात जाण्याआधी घरातला जुना संगणक एकदा नीट पाहा.

विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. त्यामुळे धडधाकट संगणकही एकदम ‘जुना’ ठरतो. खरं तर यंत्र बिघडलेलं नसतं.

अशा यंत्राला लिनक्स चालतं. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने ते सुरू केलं. अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही तेच आहे. लिनक्स मिंट किंवा उबुंटूची एलटीएस आवृत्ती फुकट मिळते आणि तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. मिंट ४ जीबी रॅमवर चालतं; जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली तर वेग लगेच जाणवतो. सी, जावा, पायथन, गिट सगळं त्यावर शिकता येतं.

पण घरात एकट्या विद्यार्थ्याचाच संगणक नसतो. दुकानाचा हिशेब टॅलीवर असेल तर विंडोज ठेवा, कारण टॅली विंडोजसाठीच बनलेलं आहे. कृतिदेवमधल्या जुन्या फायली तो फॉन्ट नसला की वाचता येत नाहीत. त्या आधी युनिकोडमध्ये करून घ्या. मराठी-हिंदी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट शिका. ते दोन्हीकडे सारखंच चालतं आणि मध्य प्रदेशच्या सीपीसीटी परीक्षेतही चालतं.

नवा लॅपटॉप घेणं भागच असेल, तर विंडोज ११ मध्ये डब्ल्यूएसएल सुरू करा. विंडोजच्या आतच लिनक्स मिळतं. आयफोनची ॲप बनवायची असतील तरच मॅकचा विचार करा, कारण त्यासाठी लागणारं एक्सकोड फक्त मॅकवर चालतं.

निर्णय घाईने नको. कॉलेजात कोणती सॉफ्टवेअर लागतात ते आधी विचारा. फोटो आणि कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा. मग ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसतं चालवून पाहा. वायफाय, प्रिंटर, आवाज चालतात का, ते हार्डडिस्कला हात न लावता कळतं. सगळं जमलं तरच ते कायमचं बसवा. दोन्ही सिस्टिम शेजारी शेजारी ठेवल्या, तर बँकेचे व्यवहार मात्र अपडेट बंद झालेल्या विंडोजवरून करू नका.

वाचलेल्या पैशात मुलाची पुस्तकं आणि खोलीभाड्याला हातभार लागतो. आणि सिस्टिम स्वतः बसवताना मुलगा-मुलगी जे शिकतात, ते त्यांच्या शिक्षणातलंच पहिलं प्रॅक्टिकल.