स्वस्तातला जास्तीचा उजेड

अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभं राहिलं की डोळे हळूहळू अंधाराला सरावतात. भुवईची रेघ, हातातलं कमळ, गळ्यातले मोती असं एकेक दिसू लागतं. कॅमेऱ्याला असं सरावता येत नाही. फ्लॅशला तिथं मनाई आहे आणि ती हवीच, कारण दीड हजार वर्षांचे रंग प्रत्येकाच्या हौसेपायी पणाला लावायचे नसतात. तिपाई लावायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी काढावी लागते. मग हातात धरलेला कॅमेरा आणि मंद दिवे, एवढ्यावर भागवायचं. बेताच्या पैशात प्रवासासाठी कॅमेरा जमवणाऱ्यानं खर्च कुठे करावा, हे इथं लख्ख कळतं. पैसे आधी लेन्सच्या छिद्रावर घालावेत. मेगापिक्सेलचं मागाहून बघता येतं.

लेन्सवरचा एफ आकडा म्हणजे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ ची किट लेन्स ५५ मिलिमीटरला ताणली की एफ/५.६ वर येते, म्हणजे छिद्र जेमतेम १० मिलिमीटरचं. ५० मिलिमीटर एफ/१.८ च्या साध्या प्राइम, म्हणजे झूम नसलेल्या, लेन्सचं छिद्र जवळपास २८ मिलिमीटर. सेन्सरवर पडणारा उजेड एफ आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे फरक जवळजवळ दहापट पडतो. किट लेन्सला १/१० सेकंद लागत असेल तिथं हिचं १/१०० मध्ये भागतं. किट लेन्समध्ये हाताची थरथर सावरणारी यंत्रणा असेल तर भिंतीवरचं चित्र १/१० लाही नीट येईल. समोरून चाललेल्या माणसाचं मात्र भूतच होणार.

आयएसओ दहापट वाढवून चालणार नाही का? चालतं, पण त्याची किंमत मोजावी लागते. प्रकाश फोटॉनच्या रूपात सुटा सुटा येतो आणि त्यांच्या संख्येत चढउतार असतोच. हा चढउतार संख्येच्या वर्गमुळाएवढा. शंभर फोटॉन आले तर चढउतार दहाचा, म्हणजे दहा टक्के. हजार आले तर सुमारे तीन टक्के. काळोख्या फोटोत दिसणारा रवाळपणा बराचसा यातूनच येतो. आयएसओ वाढवल्यानं फोटॉन वाढत नाहीत, आले तेवढ्यांचाच आवाज मोठा होतो. फोनच्या कॅमेऱ्यावरही एफ/१.८ लिहिलेलं असतं, पण तिथं नाभीय अंतरच सातेक मिलिमीटरचं, म्हणून छिद्र ४ मिलिमीटरही भरत नाही. फोन ही उणीव अनेक फोटो एकावर एक रचून भरून काढतो. स्थिर चित्रापुरतं ते छान जमतं.

५० एफ/१.८ लेन्सची किंमत मात्र चकित करणारी आहे. नवी घेतली तरी ती दहा हजारांच्या घरात मिळते. एवढी चांगली वस्तू एवढी स्वस्त का, याचं उत्तर १८९६ सालात आहे. त्या वर्षी जर्मनीतल्या झाइस कंपनीच्या पॉल रुडॉल्फनं 'प्लॅनार' नावाची लेन्स आखली. सहा भिंगं, आणि मधल्या छिद्राच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखी मांडणी. या सममितीमुळे पुढच्या अर्ध्या भागानं केलेली चूक मागचा अर्धा भाग उलट्या दिशेनं करतो. सरळ रेषांना येणारा बाक, कडेच्या वस्तूंना सुटणारी रंगीत किनार, उजेडाच्या ठिपक्याला फुटणारी शेपूट, हे सगळे दोष बऱ्याच अंशी परस्पर मिटतात. मला हे प्रकाशशास्त्रातल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटतं.

पण प्लॅनारला तेव्हा बस्तान बसवता आलं नाही. हवा आणि काच जिथं भेटतात असे तिच्यात आठ पृष्ठभाग. प्रत्येक ठिकाणी चार-पाच टक्के प्रकाश परतायचा. सगळा मिळून तिसरा हिस्सा वाया जायचा आणि त्यातला काही आतल्या आत उसळ्या मारून चित्र फिकट करायचा. १९३५ मध्ये झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर निर्वातात अतिशय पातळ लेप चढवण्याची पद्धत काढली. लेपाची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाएवढी ठेवली की त्याच्या दोन्ही पृष्ठांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात. रुडॉल्फची मांडणी मग खऱ्या अर्थानं कामाला लागली. कॅननची आजची ५० एफ/१.८ सहा भिंगांचीच आहे आणि तिची रचना १९८७ पासून फारशी बदललेली नाही. संशोधनाचा खर्च केव्हाच वसूल झाला आहे. शिवाय ५० हे अंतर सोयीचं. डीएसएलआरमध्ये आरशाला जागा हवी म्हणून लेन्स सेन्सरपासून साधारण ४४ मिलिमीटर दूर बसते; २४ मिलिमीटरच्या लेन्सला तेवढं लांब बसूनही चित्र पाडायला जादा भिंगांची कसरत करावी लागते, पन्नासला नाही.

मर्यादा सांगायलाच हव्यात. स्वस्त कॅमेऱ्यांच्या लहान, एपीएस-सी सेन्सरवर ही लेन्स ७५-८० सारखी दिसते. चेहरा, कोरीवकाम, भित्तिचित्राचा तुकडा उत्तम येतो, पण अख्खा चैत्यगृहाचा सभामंडप एका चौकटीत मावत नाही. जरा रुंद चौकट हवी तर ३५ एफ/१.८ बघावी. भर उन्हात एफ/८ ला किट लेन्सही उत्तम काम करते, तिला टाकून देऊ नये. निकॉनचे सुरुवातीच्या किमतीतले डीएसएलआर असतील तर जुनी 'डी' मालिकेतली पन्नास घेताना सावध राहा. त्या बॉडीत फोकसची मोटर नसते, लेन्समध्येही नसते, फोकस हातानंच करावा लागतो.

वापरलेली लेन्स आणखी स्वस्त पडते. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात गेलात तर खिशातल्या फोनचा टॉर्च लावून लेन्स आरपार तिरकी बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले बारीक धागे दिसले तर ती बुरशी. दमट हवेत काचेवरच्या धुळीवर आणि बोटांच्या तेलकटपणावर ती जगते आणि आम्ल सोडते. "साफ करून देतो" असं दुकानदार म्हणेल. धागे पुसले जातील, पण आम्लानं लेप खाल्ला असेल तर तो परत येत नाही. स्माकुलाची ती सगळी करामत तिथं गेलेली असते.

आपल्या पावसाळ्यात चांगल्या लेन्सलाही हा धोका असतोच. चामड्याच्या पिशवीत ती कधी ठेवू नका, चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहायला हवा. दाण्यांचा रंग बदलला की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. निळ्या दाण्यांत मात्र कोबाल्ट क्लोराइड असतं, म्हणून त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं घेऊ नका. एक जुनी पत्र्याची ताटली त्याच कामाला वेगळी ठेवा.