इंच मोजून भागत नाही

मिनेसोटात डिसेंबर उजाडला की शेजारीपाजारी एकच चौकशी सुरू होते : "चार झाले का?" चार म्हणजे तळ्यावरच्या बर्फाची जाडी, इंचांत. राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाचा तक्ता इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतो. पायी चालायला ४ इंच, स्नोमोबाइलला ५ ते ७, लहान मोटारीला ९ ते १०, मध्यम आकाराच्या ट्रकला १३. दहा एकरांपेक्षा मोठी तळी तेवढी मोजली तरी या राज्यात ती सुमारे ११,८०० भरतात. त्यामुळे बर्फाला भोक पाडायचं, गळ सोडायचा आणि वॉलआय किंवा पर्च मासा लागायची वाट बघत बसायचं, हा इथे घरोघरचा छंद आहे. चाकांवरची खोपटी ओढून नेतात, आत शेगडी पेटवतात, रात्र रात्र काढतात.

मी मूळची रत्नागिरीची, पेशाने स्ट्रक्चरल इंजिनियर. कोणता स्लॅब किती भार पेलेल, हे काढण्यात माझे दिवस जातात. सेंट पॉलला राहायला आले तेव्हा त्या तक्त्याकडे मी माझ्या धंद्याच्या नजरेनेच पाहिलं. आकडे बरोबर आहेत. पण त्यांना एक अट आहे, आणि बोलताना लोक नेमकी तीच गाळतात : हे आकडे नव्या, स्वच्छ, पारदर्शक बर्फाचे आहेत. भर हिवाळ्यात चार दिवस ऊब आली की ती अट मोडते. पुण्या-नाशिकहून नव्याने इथे आलेली मुलं हौसेने तळ्यावर निघतात आणि निघण्याआधी मला फोन करतात, "ताई, आठ इंच आहे म्हणतात, जाऊ ना?" मी त्यांना उलट विचारते, गेल्या आठवड्यात हवा कशी होती?

तळ्यावरचा बर्फ हा तरंगता स्लॅब असतो. त्याला खांब नाहीत, खालचं पाणीच त्याला उचलून धरतं. तुम्ही उभे राहता तिथे तो किंचित वाकतो आणि भार आजूबाजूला पसरवतो. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतले लॉर्न गोल्ड यांनी १९७१ साली बर्फावरून झालेल्या वाहतुकीचे आणि अपघातांचे दाखले तपासून एक साधं सूत्र मांडलं : पेलण्याची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जाडी दुप्पट, तर ताकद चौपट. उलट बाजूने पाहिलं तर हेच सूत्र भीतीदायक आहे. ८ इंचांचे ६ इंच झाले की ताकद जवळपास निम्म्यावर येते.

हे झालं चांगल्या बर्फाचं. चांगला बर्फ होतो कसा, तर शांत, कडक थंडीत. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं, म्हणून ते तळाशी बसतं. त्याहून थंड पाणी वर राहतं आणि गोठतं. मग थंडी बर्फातून खाली झिरपते आणि बर्फ खालच्या अंगाने वाढत जातो. तो इतका नितळ असतो की खालचं पाणी दिसून काळा भासतो. यावर हिम पडलं की ते गोधडीचं काम करतं. वरची थंडी खाली पोचत नाही आणि वाढ मंदावते. हिमाचा भार वाढला तर बर्फ खाली दबतो, भेगांतून पाणी वर येतं, हिमात मुरतं आणि गोठतं. हा झाला पांढरा बर्फ. त्यात हवेचे बुडबुडे भरलेले असतात, म्हणून विभाग सांगतो की पांढरा बर्फ असेल तर तक्त्यातला आकडा दुप्पट धरा.

आता ऊब येते तेव्हा काय होतं? लोकांना वाटतं, बर्फ पातळ होतो. तो लगेच होत नाही, आणि फसगत तिथेच आहे. एक किलो बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत तेच पाणी ० वरून ८० अंशांपर्यंत तापेल. दोन-तीन उबदार दिवसांत एवढी उष्णता आठ-दहा इंचांना पुरत नाही. पट्टी घातली तर जाडी जवळपास तेवढीच दिसते. पण उणे १० अंशांचा बर्फ आणि शून्यावर आलेला बर्फ यांच्या ताकदीत फरक आहे. तळ्याचा बर्फ उभ्या लांबट स्फटिकांचा बनलेला असतो. पाणी गोठताना त्यातले क्षार आणि कचरा स्फटिकांच्या मधल्या सांध्यांत ढकलला जातो, म्हणून वितळायला सुरुवात तिथूनच होते. वरून ऊन आत शिरलं की हे सांधे आतल्या आत सुटतात. मार्चमध्ये हे टोकाला जातं : फूटभर जाडीचा बर्फ पायाखाली सुट्या उभ्या कांड्या होऊन कोसळतो. नवा दोन-तीन इंचांचा नितळ बर्फ त्याच्यापेक्षा भरवशाचा ठरू शकतो. काँक्रीटचा स्लॅब तडा दाखवतो, वाकतो, वेळ देतो. असा बर्फ वेळ देत नाही.

काठाचं गणित आणखी वेगळं. जमीन लवकर तापते, वितळलेलं पाणी ओहोळांनी तळ्यात उतरतं, पातळी वाढते आणि बर्फाचा अख्खा पत्रा काठापासून सुटतो. मध्यभागी दीड फूट बर्फ आणि काठाला हातभर उघडं पाणी, असं दृश्य इथे नवलाचं नाही. त्यात वारा सुटला तर सुटलेला पत्रा चालू लागतो.

डिसेंबर २०२३ मध्ये नेमकं हेच घडलं. एल निन्योचं वर्ष होतं, आणि सेंट पॉल-मिनिआपोलिस या जुळ्या शहरांच्या नोंदींतला तो सर्वांत उबदार डिसेंबर ठरला. ऐन नाताळात हिमाऐवजी पाऊस पडला, आणि तोही जोराचा. उत्तरेकडचं अप्पर रेड लेक उथळ आहे, दरवर्षी लवकर गोठतं, म्हणून मोसमाच्या सुरुवातीला वॉलआयसाठी तिथे झुंबड उडते. २९ डिसेंबरला तिथला बर्फ तुटला आणि शंभराहून जास्त माणसं एका तरंगत्या तुकड्यावर अडकली. काठ आणि ती माणसं यांच्यात पाण्याचा रुंद पट्टा होता. बचावपथकांनी सगळ्यांना बाहेर काढलं, जीव कुणाचा गेला नाही. त्या लोकांच्या पायाखाली बर्फ जाड नव्हता असं नाही, त्यांना उभं राहण्यापुरता तो होता. तो काठाला धरून नव्हता. त्याच हिवाळ्यात, जानेवारी २०२४ मध्ये, ब्रेनर्डजवळच्या गल लेकवरची हजारो लोकांची मासेमारी स्पर्धा बर्फाअभावी रद्द झाली. तिच्यातून स्थानिक संस्थांना मदत जाते, हॉटेलवाल्यांचा आणि आमिष विकणाऱ्यांचा मोसम तिच्यावर उभा असतो. त्या वर्षी हे सगळंच बुडालं.

ऊब कधी आली याला फार महत्त्व आहे, आणि हे मला शेजारच्या निवृत्त मास्तरांनी शिकवलं. त्यांचं सारं आयुष्य या तळ्यांवर गेलंय. डिसेंबरातली ऊब सर्वांत वाईट, कारण बर्फ अजून कोवळा असतो. मार्चमधली उघड उघड धोक्याची, कारण सूर्य वर आलेला असतो. जानेवारीतली मात्र कधी कधी उपकार करते, हे ऐकून मला आधी पटेना. पण ते खरं आहे. वरची हिमाची गोधडी वितळून जाते, पुढे कडाक्याची थंडी परतली की ती थेट बर्फाला भिडते आणि खालून नितळ बर्फ झपाट्याने वाढतो. मधले दिवस मात्र कठीण. वर साचलेलं पाणी वरून गोठतं, पाय टाकला की टणक लागतं, आणि त्या कवचाखाली पाण्याचा थर तसाच अडकलेला असतो. तो गोठेपर्यंत मूळ बर्फ खालून फारसा वाढत नाही. "थंडी पडली, आता चला" म्हणणाऱ्यांना मी म्हणून थांबवते. एका रात्रीच्या थंडीने हे भरून येत नाही.

मास्तर लांब दांड्याची लोखंडी पहार घेतल्याशिवाय तळ्यावर पाय ठेवत नाहीत. दर दोन-चार पावलांवर पुढे एक सणसणीत ठोका. पहार आत गेली की आल्या वाटेने मागे. ड्रिलने भोक पाडून मोजतात, पण एकाच ठिकाणी नाही. विभागाचा सल्ला दर दीडशे फुटांवर मोजण्याचा आहे, कारण झरा, ओहोळाचं मुख, पूल, दोन तळ्यांमधली चिंचोळी जागा इथे शेजारी शेजारी जाडी बदलते. ऊब आल्यावर जुनी भोकं रुंद होतात, कारण वितळलेलं पाणी त्यांतूनच खाली वाहतं. काल पाडलेलं सहा-आठ इंचांचं भोक आज पाय जाईल एवढं झालेलं असू शकतं.

मोटार नेलीच तर दोन मोटारींत निदान पन्नास फुटांचं अंतर ठेवायचं आणि दर दोन तासांनी ती हलवायची. भार एका जागी राहिला की बर्फ हळूहळू खचत जातो. मोटारीशेजारी एक भोक पाडून ठेवायचं. त्यातून पाणी वर येऊन पसरू लागलं तर बर्फ दबतोय असं समजून तिथून निघायचं. जाताना वेग कमी हवा, कारण चालत्या मोटारीखाली पाण्यात लाट उठते आणि एका ठरावीक वेगाला ती बर्फाला जास्तच वाकवते.

टोरंटोच्या यॉर्क विद्यापीठातल्या सपना शर्मा यांनी सहकाऱ्यांसोबत दहा देशांतल्या हिवाळी बुडण्याच्या नोंदी तपासल्या आणि २०२० मध्ये निष्कर्ष मांडला. हिवाळ्याचं सरासरी तापमान उणे ५ ते ० अंशांच्या दरम्यान असतं तेव्हा बुडण्याचं प्रमाण झपाट्याने वाढतं. थंडी कडक असेल तर बर्फ पक्का असतो, ऊब पुरेशी असेल तर बर्फच नसतो आणि कुणी जात नाही. मधल्या पट्ट्यात तळं गोठलेलं दिसतं आणि माणसं सवयीने वर चढतात. मिनेसोटाचे हिवाळे त्या पट्ट्याकडे सरकताहेत, आणि आजोबांकडून शिकलेल्या तारखा नातवांना लागू पडेनाशा झाल्या आहेत. शेजारच्या विस्कॉन्सिनमधल्या मेंडोटा तळ्याच्या नोंदी १८५० च्या दशकापासून आहेत. तेव्हा ते सुमारे चार महिने गोठलेलं असायचं, २०२३-२४ मध्ये दीड महिनाही नाही.

इथे आलेल्या मुलांना मी तळ्यावर जाऊ नका म्हणत नाही. कडक थंडीच्या दिवशी, पायाखाली नितळ बर्फ असताना, तिथे बसण्यासारखं सुख नाही. फक्त तयारीने जा. तरंगवणारा सूट घाला, गळ्यात दोरीला दोन टोचे अडकवा, एकटे जाऊ नका. पाण्यात पडलातच तर पहिलं मिनिट श्वास ताब्यात आणायला द्या, कारण थंड पाण्याच्या धक्क्याने धाप लागते. त्यानंतर हातपाय धडपणे चालतील अशी दहाएक मिनिटं असतात. ज्या बाजूने आलात तिकडे तोंड करा, कारण त्या बर्फाने तुम्हाला एकदा पेललेलं आहे. टोचे रोवा, पाय मागे झाडत पोटावर वर या. उभे राहू नका, लोळतच काठाकडे सरका.