मुलांसह मुक्काम आणि मध्यमवर्गाचा हिशेब

परगावी गेल्यावर उतरण्यासाठी पैसे मोजावे लागतात, ही गोष्ट मराठी मध्यमवर्गाच्या अंगवळणी अलीकडेच पडली आहे. सांगली-सोलापूरचे एखादे कुटुंब मे महिन्यात मुंबईस निघाले म्हणजे ते गिरगावातील मामांकडे किंवा दादरच्या आत्याबाईंकडे उतरणार, हे एकेकाळी गृहीतच धरलेले असे. 'हॉटेल' या शब्दाचा आपल्याकडील अर्थही चहा-भज्यांपुरताच मर्यादित होता. राहण्याच्या जागेस 'लॉज' म्हणत आणि तेथे मुलाबाळांसह उतरणे फारसे प्रशस्त मानले जात नसे. आज गिरगावातल्या अनेक चाळींच्या जागी मनोरे उभे राहिले आहेत. मामांचे चिरंजीव विरारला वा बदलापूरला दोन खोल्यांत राहतात. घरातील दोघेही सकाळी आठाच्या लोकलने नोकरीस जातात. अशा घरी चार माणसांनी चार दिवस जाऊन राहणे पाहुण्यांनाच अवघड वाटू लागले आहे. तात्पर्य, मोठ्या शहरातील हॉटेलचा मुक्काम ही मध्यमवर्गाची चैन राहिली नसून अनेकदा ती निकड झाली आहे.

निकड निर्माण झाली की बाजार तिचा वास घेतोच. 'सहकुटुंब मुक्कामासाठी खास', 'मुलांसाठी विविध उपक्रम', 'बच्चेकंपनीची धमाल' अशा जाहिराती हॉटेलांकडून होऊ लागल्या आहेत. शिक्षक वा कारकुनाच्या वर्षभराच्या शिलकीतला मोठा हिस्सा अशा एका सहलीत खर्च होतो. शिवाय रजा प्रवास सवलत ज्यांना मिळते, त्यांच्याही हिशेबात धरले जाते ते गाडीभाडे. मुक्कामाचा खर्च ज्याचा त्यानेच सोसायचा असतो. म्हणून हा खर्च करताना आपण नेमके काय विकत घेतो, याचा विचार होणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखकाचे मत थोडक्यात असे की, मोठ्या शहरात मुलांचा आनंद हॉटेलच्या चार भिंतींत विकत घेण्याची सहसा गरज नसते. हॉटेलने द्यावयाचा तो विसावा, सुरक्षितता, सोयीचे ठिकाण आणि सरळ हिशेब. हे चार देणारे हॉटेल खरे कुटुंबाचे हॉटेल. मग तेथे घसरगुंडी असो वा नसो.

मूल : गिऱ्हाईक की जादा भार?

हॉटेलच्या दराचे एकक ठरलेले असते : एक खोली व दोन प्रौढ माणसे. या चौकटीत मूल बसत नाही. ते एक तर 'जादा माणूस' ठरते, नाही तर 'मोफत' ठरते. या मोफत मुलाचा इतिहास उद्बोधक आहे. १९५१ साली अमेरिकेतील मेंफिस शहराचे केमन्स विल्सन हे व्यावसायिक आपल्या पाच मुलांसह वॉशिंग्टनच्या सहलीस निघाले. वाटेतील मोटेलवाले खोलीच्या भाड्याखेरीज दर मुलामागे दोन डॉलर जादा आकारीत. मुले आईबापांच्याच खोलीत झोपत असताना हा भुर्दंड कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, त्यांनी मेंफिसमध्ये पहिले 'हॉलिडे इन' उघडले. तेथे आईबापांच्या खोलीत राहणाऱ्या मुलांना आकार नव्हता, पोहण्याचा तलाव मात्र होता. हे एक हॉटेल पुढे जगभर पसरलेली साखळी झाले.

विल्सन यांना मुलांचा कळवळा होताच. पण त्यांचा हिशेबही पक्का होता. खोलीतील दिवा लागलेला आहे, चादरी अंथरलेल्या आहेत; अशा वेळी त्या खोलीत आणखी एक मूल झोपल्याने मालकाचा खर्च फार थोडा वाढतो. अर्थशास्त्रात यालाच सीमांत खर्च म्हणतात. तो अल्प असेल तर मुलाला सवलत देऊन सबंध कुटुंब गिऱ्हाईक म्हणून मिळविणे हा फायद्याचाच व्यवहार होय. शहरातील व्यापारी वस्तीच्या हॉटेलांत सोमवार ते शुक्रवार कंपन्यांच्या कामासाठी आलेल्यांची वर्दळ असते आणि शनिवार-रविवारी खोल्या रिकाम्या पडतात. कुटुंबासाठी म्हणून निघणाऱ्या सवलती पुष्कळदा या रिकाम्या खोल्यांतून जन्मतात. लोणावळ्याचे उलट आहे. तेथे दर चढतात ते शनिवारीच. ज्याला शाळेच्या सुटीत आठवड्याचे दिवस निवडता येतात, त्याने हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

मात्र मोफत म्हणजे किती वर्षांपर्यंत मोफत, हा खरा प्रश्न आहे. एस.टी.चे अर्धे तिकीट पाच ते बारा वर्षांच्या मुलास लागते, हे खेड्यातील आजीबाईंनाही ठाऊक असते. रेल्वेने २१ एप्रिल २०१६ पासून नियम बदलला. आरक्षित डब्यात पाच ते बारा वर्षांच्या मुलास स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे, नको असेल तर अर्धे. हा नियम अनेकांना जाचक वाटला, पण तो सर्व देशात एक आहे आणि आगाऊ कळतो. हॉटेलांचे तसे नाही. एके ठिकाणी पाच वर्षांपर्यंत मोफत, दुसरीकडे आठपर्यंत, तिसरीकडे बारापर्यंत. कोठे जादा गादी दिली तरच आकार, कोठे केवळ डोकी मोजून आकार. 'न्याहारी समाविष्ट' या शब्दांत बहुधा दोघांचीच न्याहारी असते. मुलांच्या दुधा-पोळीचे बिल वेगळे निघते आणि ते निघते मुक्काम संपताना, म्हणजे वाद घालण्यास वेळ नसतो तेव्हा. विक्रेत्यास सर्व ठाऊक आणि ग्राहकास काहीच ठाऊक नाही, अशा बाजारात नुकसान कोणाचे होते हे वेगळे सांगावयास नको.

कराचे गणित

या हिशेबात वस्तू व सेवा कराचीही एक गंमत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाड्याच्या खोलीवर ५ टक्के कर आहे. त्याहून एक रुपयाही भाडे अधिक झाले की कर १८ टक्के. कर लागतो तो दर खोलीमागे. कुटुंबाकडे पाहून तो लागत नाही. समजा, एका हॉटेलात चौघांसाठी मोठी 'फॅमिली रूम' दिवसाला ८,००० रुपयांस आहे आणि दुसऱ्या हॉटेलात शेजारशेजारच्या दोन खोल्या प्रत्येकी ४,००० रुपयांस आहेत. भाडे दोन्हीकडे तेच. पण पहिलीकडे कर १,४४० रुपये आणि दुसरीकडे ४००. चार रात्रींत फरक पडतो ४,१६० रुपयांचा. अर्थात दोन खोल्या घ्यावयाच्या तर त्यांच्यामध्ये आतून दार आहे काय, हे पाहावे लागते. सात वर्षांच्या मुलीस बोळापलीकडच्या खोलीत एकटी झोपवून कर वाचविण्यात अर्थ नाही.

खाण्यावरही हाच न्याय लागू आहे. आदल्या आर्थिक वर्षात ज्या हॉटेलातील एखादी खोली ७,५०० रुपयांहून अधिक दराने दिली गेली, तेथील उपाहारगृहाच्या बिलावर १८ टक्के कर पडतो. कोपऱ्यावरील साध्या उपाहारगृहात तो ५ टक्के असतो. सेवा आकार नावाचा जो आकडा बिलाच्या तळाशी डोकावतो, तो आपोआप लावता येत नाही, अशी मार्गदर्शक सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. तो आकार देणे न देणे गिऱ्हाइकाच्या इच्छेवर आहे, हे सुशिक्षित वाचकांनाही पुष्कळदा ठाऊक नसते.

'उपक्रम' कशास म्हणावे?

आता त्या बहुचर्चित उपक्रमांविषयी. काही हॉटेले या बाबतीत खरोखर कष्ट घेतात. प्रशिक्षित बाई नेमतात, चित्रे, मातीकाम, गोष्टी असा दिवसाचा क्रम आखतात. त्यांचे कौतुक केले पाहिजे. परंतु तळघरातील एका खोलीत प्लास्टिकची घसरगुंडी, रबरी चेंडू आणि भिंतीवर अखंड चालणारा दूरदर्शन संच एवढ्यालाही 'किड्स क्लब' म्हटले जाते. म्हणून खोली ठरविण्यापूर्वी चार प्रश्न अवश्य विचारावेत. मुलांजवळ जबाबदार माणूस कोण असते? किती मुलांमागे एक? वेळ कोणती? आणि आकार वेगळा आहे काय? पालकांनी सोबत बसलेच पाहिजे अशी अट असेल, तर तो उपक्रम नव्हे, नुसती खोली झाली. तलावाबाबत तर अधिकच दक्ष राहावे. लहानांसाठी उथळ भाग वेगळा आहे काय आणि जीवरक्षक प्रत्यक्ष काठावर असतो काय, हे छायाचित्रावरून कळत नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा जोडविक्रीचा प्रकार आहे. उपक्रमांची किंमत खोलीच्या भाड्यात मिसळलेली असते आणि मुलांनी त्यांचा लाभ घेतला वा न घेतला तरी ती द्यावीच लागते. गावाबाहेरच्या रिसॉर्टमध्ये हे समजू शकते, कारण तेथे पाहण्यासारखे दुसरे काही नसते. मुंबईसारख्या शहराचे तसे नाही. येथे मुलांसाठीचे मोठे उपक्रम पिढ्यान्‌पिढ्या सार्वजनिक पैशातून आणि लोकांच्या देणग्यांतून उभे राहिलेले आहेत. भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१७ पासून पेंग्विन पाहावयास मिळतात. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून मुलांना कळ दाबून, चाक फिरवून विज्ञान शिकवीत आहे. फोर्टमधील १९२२ साली खुल्या झालेल्या वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९ मध्ये खास मुलांचे संग्रहालय झाले. मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट तर तीन पिढ्यांच्या छायाचित्रांत आहे. या साऱ्यांचे शुल्क हॉटेलच्या एका दिवसाच्या भाड्यापुढे नगण्य होय. राणीची बाग बुधवारी बंद असते, एवढे मात्र विसरू नये.

मग हॉटेल निवडण्याची खरी कसोटी म्हणजे या ठिकाणांपासूनचे अंतर. अंधेरीकडे खोली हजार रुपयांनी स्वस्त मिळाली आणि रोज टॅक्सीत दीड-दीड तास जाता-येता गेला, तर वाचले ते टॅक्सीने खाल्ले, शिवाय मुले किरकिरी झाली ती वेगळीच. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाल्यापासून हे गणित काहीसे बदलले आहे. स्थानकापासून पायी जाता येईल असे उपनगरातील हॉटेलही आता विचारात घेता येते. परंतु 'स्थानकाजवळ' या शब्दाचा अर्थ नकाशावर पाहून ठरवावा, जाहिरातीवरून नव्हे.

विसावा कोणाचा?

या सर्व चर्चेत एका व्यक्तीचा हिशेब कोणी मांडत नाही, ती म्हणजे आई. घरी ती स्वयंपाक करते, धुणे पाहते, मुलांच्या वेळा सांभाळते. हॉटेलात आल्यावर यातील काय सुटते? रात्रीचे जेवण साडेसातपूर्वी मिळत नसेल तर सहालाच भुकेलेल्या मुलाची समजूत तीच घालणार. मऊ वरण-भात मागितल्यावर कपाळाला आठ्या पडत असतील, तर डबा-थर्मासची यातायात तीच करणार. न्हाणीघरात बादली नसेल, कपडे वाळत घालण्यास दोरी नसेल, तर ओले कपडे खुर्चीच्या पाठीवर पसरणारीही तीच. रात्रीच्या गाडीने कोल्हापूरहून वा नागपूरहून निघालेले कुटुंब सकाळी मुंबईत उतरते आणि खोली मिळते दुपारी बाराला, कोठे दोनला. मधले पाच-सहा तास दोन मुले व चार बोजे घेऊन ती स्वागतकक्षातील कोचावर बसलेली दिसते. ज्या हॉटेलात सकाळी सामान ठेवून हात-पाय धुण्याची सोय होते, गच्चीच्या कठड्याला नीट जाळी असते आणि सायंकाळी सहाला साधे अन्न हसतमुखाने मिळते, ते हॉटेल दुसरा कोणताही उपक्रम न करता कुटुंबावर उपकार करते. आईला विसावा नसेल तर त्या खर्चास सहल म्हणणे कठीण आहे. घरचे श्रम आपण भाडे भरून दुसऱ्या गावी नेले, एवढाच त्याचा अर्थ.

काय व्हावे?

हॉटेलांनी निदान एवढे करावे. मुलांच्या वयाची मर्यादा, जादा गादीचा आकार, न्याहारीचा आकार आणि उपक्रमांच्या अटी एका तक्त्यावर मराठीत व इंग्रजीत लिहून लावाव्यात आणि खोली ठरविण्यापूर्वीच कळवाव्यात. जे एस.टी.ला व रेल्वेला जमते, ते हॉटेलवाल्यांच्या संघटनांना जमू नये असे काही नाही. सुरुवातीस लहान किंमत दाखवून शेवटी आकार वाढवीत नेणे आणि 'आता एकच खोली उरली' अशी खोटी घाई करणे, या ऑनलाइन विक्रीतील क्लृप्त्यांना केंद्रीय प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी मज्जाव केला आहे. मात्र सूचना कागदावर राहू नयेत, यासाठी तक्रार करणारा ग्राहक लागतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली आहे. मुंबईच्या हॉटेलविरुद्ध लातूरच्या ग्राहकास लातूरच्याच जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. १९१५ या क्रमांकावर दूरध्वनी करूनही तक्रार नोंदविता येते. त्यासाठी जाहिरातीची प्रत आणि बिल जपून ठेवण्याची सवय मात्र हवी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्यांना परवडते त्यांची मुले हॉटेलच्या बंद दालनात खेळू लागली, की बागा व संग्रहालये चांगली राहावीत म्हणून आवाज उठविणारा वर्गच हळूहळू त्यांच्याकडे पाठ फिरवतो. सरकारी शाळांचे असे झालेले आपण पाहिलेच आहे. मग बागेतील झोपाळा मोडतो आणि तो दुरुस्त होत नाही. ज्यांना हॉटेल परवडतच नाही, त्या मुलांच्या वाट्याला मोडका झोपाळा येतो. तेव्हा हॉटेल पारखून घ्यावे, तेथे शांतपणे झोपावे आणि दिवस उजाडताच मुलांना घेऊन शहरात बाहेर पडावे. त्यात आपल्या खिशाचे हित आहेच, त्या झोपाळ्याचेही आहे.