धरणाच्या पायथ्याशी पाणी तपासताना

खडकवासल्यात सेवेवर बोलायचं म्हणजे जरा जपूनच बोलावं लागतं. समोर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे आणि तिचं ब्रीदच ‘सेवा परमो धर्मः’ आहे. तेव्हा सेवा किती थोर, हे मी सांगत बसत नाही. सेवा करता करता शिकायचं, म्हणजे नेमकं काय करायचं, एवढंच बोलतो.

कॉलेजात याचं ओळखीचं नाव एनएसएस. राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात. तेव्हा ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी होते. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर, हा हिशोब तुम्हाला पाठ आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर अशा कामाला श्रेयांकही मिळू लागलेत. चांगलंच आहे. पण आपण चौपाटीवर येतो, कचरा उचलतो, बॅनर धरून फोटो काढतो आणि पुढच्या रविवारी तिथे तेवढाच कचरा असतो. सेवा झाली, शिकलो काय? कणसाच्या गाड्यापासून कचराकुंडी किती लांब आहे, ती उचलायला गाडी कधी येते, हे आपण कुणाला विचारलं का?

आता याच परिसरातली एक गोष्ट घेऊ. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात गुइलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते, पाय लुळे पडायला लागतात, काहींना व्हेंटिलेटर लागतो. बऱ्याचदा आधी पोट बिघडलेलं असतं. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे गेलं. तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की, याच धरणाचं पाणी पर्वतीला जाऊन, गाळून, शुद्ध होऊन शहराला मिळतं. आणि धरणाच्या पायथ्याच्या काही गावांना मात्र ते विहिरीत घेऊन, नुसतं क्लोरीन टाकून पुढे सोडलं जातं. खडकवासला, किरकटवाडी, नांदेड ही गावं ३० जून २०२१ पासून महानगरपालिकेत आहेत. पाटी बदलली, पाइप तोच राहिला.

इथे विद्यार्थी काय करू शकतो? टँकर आणू शकत नाही, प्रकल्प बांधू शकत नाही. पण पाण्यात क्लोरीन उरलंय का, हे तपासू शकतो. गावाकडच्यांना ओटी चाचणी माहीत असेल: नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो आणि क्लोरोस्कोपच्या रंगाशी तो जुळवून पाहायचा. (ते औषध त्वचेला लागू देऊ नका आणि तपासलेलं पाणी कुणी पिणार नाही हे बघा.) पिण्याच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेलं असावं, असं आपलं मानक सांगतं.

खरी गंमत पुढे आहे. टाकीजवळच्या नळाला रंग आला आणि आळीतल्या शेवटच्या घरी आला नाही, तर मधे काहीतरी घडतंय. कदाचित पाइप गळका असेल, गटाराजवळून जात असेल. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्या मातीतच खर्ची पडतं. हेच सगळं रसायनशास्त्राच्या तासाला फळ्यावर असतं तेव्हा आपण पेंगत असतो! आणि फक्त घरातल्या टाकीत रंग नसेल, तर घाबरायचं कारण नाही; साठवलेल्या पाण्यातलं क्लोरीन उडून जातं. म्हणून नळ सुटल्या सुटल्या, थेट नळाचं पाणी तपासायचं.

नळ कधी सुटतो, हे कुठल्याच वेबसाइटवर मिळणार नाही. ते व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या काकांना माहीत असतं. पाणी कोणत्या दिवशी वास मारतं, ते हंडे भरणाऱ्या ताई सांगतील. आधी त्यांच्याकडे जा. प्रश्नावली छापून नेऊ नका, बसा थोडा वेळ. माझ्या मते पुढारपण इथून सुरू होतं. गटात माइक कुणाच्या हातात आहे ते मागाहून बघू.

दोन-तीनदा शून्य आलं, तर ते व्हॉट्सॲपवर टाकायचं नाही. एका चुकीच्या आकड्याने अख्खी आळी घाबरते आणि बाटलीबंद पाणीवाल्याचं फावतं. घराची खूण, तारीख, वेळ, आकडा असं लिहून क्षेत्रीय कार्यालयात पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांना द्या, पोच घ्या. त्या घरी तोवर पाणी उकळून प्यायला सांगा. आणि उत्तर काय आलं, हे सांगायला त्या ताईंकडे परत जा. ‘मागच्या वर्षीची मुलं लिहून घेऊन गेली, पुढे काय झालं?’ हे वाक्य शिबिराच्या गावांत फार ऐकू येतं.

एक अडचण आहे, ती आधीच सांगतो. आपली शिबिरं बहुधा हिवाळ्यात होतात. धरणात गढूळ पाणी येतं जून-जुलैत, म्हणजे जुनी तुकडी परीक्षा देऊन घरी गेलेली आणि नवीन मुलांचे प्रवेश चाललेले असतात तेव्हा. वही सर्वांत जास्त लागते नेमकी त्याच आठवड्यांत. तेव्हा पावसाळ्यात कोण थांबणार आणि वही कुणाकडे राहणार, हे एप्रिलमध्येच ठरवा. खडकवासल्यातच राहणारी दोन मुलं गटात असतील, तर सगळ्यांत सोपं.