मोड आलेला गहू आणि ग्लूटेनवर्ज्य पथ्य

मोड आलेला गहू हलका, म्हणून सिलिअक रुग्णास तो चालावा, असा समज फणसवाडीतील गिऱ्हाइकांकडून आम्ही वारंवार ऐकतो. हा समज घातक आहे. अंकुरणाने ग्लूटेनचे अंशतः विघटन होते. ते नष्ट होत नाही. सुश्रुतसंहितेनेही विरूढ धान्य गुरु व विदाहीच सांगितले आहे. म्हणून गहू व जव यांचे मोड, सत्त्व आणि माल्ट वर्ज्यच मानावेत. नाचणी व मूग स्वभावतः ग्लूटेनरहित आहेत. परंतु गव्हाच्याच गिरणीत दळलेले नाचणीसत्त्व निर्धोक राहत नाही. भारतीय नियमांनुसार 'ग्लूटेनमुक्त' पदार्थात ग्लूटेन किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक नसावे. तेव्हा वैद्यांनी पथ्य सांगताना धान्याबरोबर गिरणीचीही चौकशी करावी आणि विक्रेत्यांनी वेष्टन वाचूनच सत्त्व द्यावे, ही विनंती.