‘मला काय समजते?’ हे कोण बोलते?

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत कर्जाचा विषय निघाला की एखादी ताई लगेच म्हणते, "मला काय समजते? सांगाल तिथं सही करते." हे ती विचार करून बोलत नाही, आपोआप तोंडातून निघते. लहानपणापासून ऐकलेले असते ना, "तुला काय समजते, गप्प बस." बांधीतले पाणी रोजच्या वाटेनेच जाते, तसे मनाचेही होते.

खरे पाहता याच ताईला रोवणीला किती बाया लागतील, घरचे धान किती महिने पुरेल, कोणाचे किती देणे आहे, सारे तोंडपाठ असते. समज आहेच; आड येते ती जुनी सवय.

ही सवय महागात पडते. "महिन्याला शेकडा २" ऐकायला थोडे वाटते, पण वर्षाचे २४ होतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कंपनीने व्याज आणि सगळे खर्च लिहिलेला कागद दिला पाहिजे. कर्जाचे कार्ड आपल्याला समजेल अशा भाषेत हवे. मुदतीआधी कर्ज फेडले तर दंड नाही. पण आपण विचारलेच नाही तर?

म्हणून तीन गोष्टी करून पाहा.

१. अंगाकडे लक्ष द्या. छाती धडधडते, कान तापतात, घसा सुकतो. सवय जागी झाल्याची ही खूण.

२. मनातले वाक्य पकडा. स्वतःला सांगा, "हे माझे जुने वाक्य आहे, खरेच असेल असे नाही."

३. एक लांब श्वास घ्या आणि एकच प्रश्न विचारा: "एकूण किती रुपये परत करायचे?"

रागाचेही असेच. हप्ता चुकला की आपण फटकन म्हणतो, "तुझं नेहमीचंच!" रोवणीच्या दिवसांत हात रिकामा असतो, धान विकल्यावरच पैसा येतो, हे आपल्यालाही माहीत असते. एक श्वास थांबून "काय झालं ताई?" असे विचारले तर खरे कारण समजते, अन् हप्त्याचा मार्गही निघतो.

मात्र घरात मारझोड होते म्हणून कोणी गप्प असेल, तर ती सवय नाही, भीती आहे. तिला "धीट हो" म्हणून सोडू नका. सोबत उभ्या राहा. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपले एक जुने वाक्य सांगावे. सही मात्र प्रश्न विचारल्यावरच.